वाऱ्याचं अंग

हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावर भामाबाईशी लाकडावरून पैज लावायला कुणी जात नसे. म्हशीवरून लावा, पावसावरून लावा, जावेच्या हातच्या कालवणावरून लावा. पण लाकडावरून नको. डोळे मिटून तिच्या हातात काटकी दिली, तरी ती नखानं साल खरवडायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि सांगायची, "कळंब. वढ्याच्या काठचा. सावलीत वाढलाय, ह्येच्यात दम न्हाई." आणि हे सांगताना तिची मान अशी ताठ व्हायची, की ते झाड जणू तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. गर्विष्ठ होती का? होती. पण ज्याच्या अंगात काही आहे त्यानं मान ताठ ठेवली तर बाकीच्यांनी उगाच नाकं मुरडू नयेत.

वाड्याच्या वर, वरंधा घाटाच्या बाजूला एक उघडा उतार होता. त्याला गेळ्याचा माळ म्हणत. मधूनमधून अंजनी आणि हेदू, पण भरणा सगळा गेळ्याचा. गेळा हे झाड दिसायला अगदीच भिकार: ठेंगणं, काटेरी, वाकडं. सावलीच्या कामाचं नाही, तुळईच्या कामाचं नाही. फळं ठेचून लोक ओढ्यात मासे गुंगवायला टाकतात, तेवढीच त्याची ओळख. पण त्या काट्यांच्या आत जे लाकूड असतं ते पुण्याच्या वखारी पालथ्या घातल्या तरी मिळायचं नाही. आवळ, जड, पिवळसर पांढरं. तासून गुळगुळीत केलं की अंगावर एक कूस राहत नाही, आणि सुनेला दिलेलं लाटणं नातसुनेच्या हातात तसंच्या तसं जातं.

ही विद्या भामाबाईनं माहेराहून आणली होती. तिचं माहेर विंझरच्या वरच्या डोंगरात. तिचा बाप मेंढ्यांमागे हिंडता हिंडता भोरच्या कातारी, म्हणजे चरकावर लाकूड कातणाऱ्या लोकांना माल पुरवायचा, आणि त्याचे नेम मोठे कडक. लाकूड तोडायचं ते अंधाऱ्या पाखात, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही. एका बुडख्याला तीन फुटवे आले असतील तर एक घ्यायचा, दोन राखायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोयता घालण्याआधी फुटव्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला एक खाच मारून ठेवायची.

या खाचेचं कारण असं. माळावर वर्षातले आठ महिने कोकणाच्या बाजूनं वारा थडकतो. झाड त्या वाऱ्याला पाठ देत नाही, तोंड देऊन वाढतं, आणि म्हणून त्या अंगाचं लाकूड दाट होतं, जड होतं. गोल तुकडा पाण्यात टाकला तर आपोआप वळतो आणि वाऱ्याचं अंग खाली घेऊन थांबतो. कातणाऱ्याला हे अंग ठाऊक नसलं तर कुंकवाच्या करंड्याचं झाकण आज चपखल बसेल आणि उन्हाळ्यात रुसून बसेल. खाच बघितली की त्याला कळतं, तुकडा चरकावर कसा धरायचा ते. एवढं सोपं. पण एवढं सोपं काम करणारं माणूस भोरपासून महाडपर्यंत भामाबाईशिवाय दुसरं उरलं नव्हतं, आणि हेही ती कुणी न विचारता सांगायची.

दर वर्षी पौषात ती घोडीवर मोळ्या लादून भोरला जायची. तिथं कुंडलिक कातारी तिचा माल घ्यायचा. पावसाळ्यात तो ते तुकडे उत्रोलीला सासऱ्याच्या भातखाचरातल्या चिखलात पुरून ठेवी, म्हणजे लाकडातला चीक निघून जातो. दिवाळीला काढायचे, सावलीत वाळवायचे, मग चरकावर चढवायचे. त्याचे करंडे, फण्या, लाटणी, पाळण्यावरच्या चिमण्या मंडईत हातोहात खपत.

आणि मग ते साल आलं, दुसऱ्या मोठ्या लढाईतलं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर धावायला लागल्या. मोटारीला कोळसा, शहराला कोळसा. आणि कोळसा झाडावर लागत नाही, झाडाचा होतो. माघात एका सकाळी जंगलचा शिपाई वाड्यावर आला, ताक प्याला आणि मिशा पुसत म्हणाला,

"पाचव्या दिवशी सायब येनार हायती. माळाची नोंद करायची, झाडास्नी शिक्के मारायचे. ठेकेदाराची मानसं नदीवर येऊन बसल्यात. नोंद झाली की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड."

"कुठल्या माळाची?" भामाबाईनं विचारलं.

"गेळ्याच्या. साग, शिसव, ऐन ह्ये इमारती. बाकी समदं जळाऊ."

"जळाऊ?"

"यादीत तसंच हाय, आक्का. म्या न्हाई लिवलं."

भामाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. माळ गेला असता तर दुःख झालंच असतं. वीज पडते, वणवा लागतो, माणूस सोसतं. पण जळाऊ? बापाच्या नेमानं राखलेलं, तिनं तीस वर्षं एक घे, दोन ठेव करत वाढवलेलं लाकूड, आणि त्याला चुलीत घालायचं? पोटच्या लेकीला भरबाजारात कुणी वाईट बोलावं तसं तिला झालं. शिपाई गेल्यावर ती बराच वेळ बोलली नाही, आणि भामाबाई बोलत नाही म्हटल्यावर तिचा नवरा हरिबा घाबरला.

हरिबा माणूस देवभोळा आणि भित्रा, पण बायकोवर जीव टाकणारा. संध्याकाळपर्यंत त्यानं डोकं खाजवून एक युक्ती काढली.

"अगं, माझं ऐक. देवराईतलं पान कुनी तोडतंय का? न्हाई तोडत. मंग आपुन माळावर दगूड मांडू, शेंदूर लावू. सायब असूंदे न्हाई तर त्येचा बाप. देवावर कोन कुऱ्हाड घालंल?"

"न्हाई," भामाबाई म्हणाली.

"का न्हाई?"

"माझं लाकूड खरं हाय. खऱ्याला खोट्याचा टेकू लावला का खरंबी खोटं दिसाया लागतं. आन देवाला कशाला गोवताय ह्येच्यात? त्येला त्येची कामं न्हाईत?"

"मंग काय करनार तू?"

"भोरला जानार. लाकडाचं काय हुतं त्ये सायबाला दावनार."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला ती निघाली. घोडी नेली नाही, ओझं नव्हतं. दिवस मावळायच्या आत कुंडलिकच्या दारात पोचली. कुंडलिक चरकावरच बसला होता. तिनं सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. माळ गेला तर त्याच्या चरकावर चढायला राहणार काय? पण साहेबापुढं उभं राहायचं म्हटल्यावर त्यानं फळीवरचा एक करंडा काढून तिच्यापुढं केला.

"आक्का, म्या कामगार मानूस. कचेरीत उभं ऱ्हायलं का माझी जीभच वळत न्हाई. ह्यो घे करंडा. तुझ्या गेळ्याचाच हाय, परवाच उतरवलाय."

करंडा खरोखर देखणा होता. बोराएवढं बोंड असलेलं झाकण. फिरवून लावलं की आत वारासुद्धा शिरणार नाही. भामाबाईनं तो हातात घेतला, उलटा केला, बुडाशी नखानं टिचकी मारली. तीस वर्षं ती लाकूड देत आली, पण त्याचं पुढं काय होतं ते बसून कधी बघितलं नव्हतं.

"अजून काय काय करतूस माझ्या लाकडाचं?"

"लई. फण्या, लाटणी, चिमण्या, सनईची तोंडं. तीन वर्साखाली कचेरीतनं मागनी आली हुती, रेघा वढायच्या रुळांची. आठ रूळ केलं. कारकुनांच्या मेजावर असतील अजून कुठं कुठं." कुंडलिक हसला. "त्या बिचाऱ्यास्नी काय म्हाईत, हातात काय धरलंय त्ये."

ही गोष्ट भामाबाईनं ऐकली आणि सोडून दिली. करंडा पदरात बांधला, रात्रीपुरती पाठ टेकली आणि दुसऱ्या दिवशी परत निघाली. वाटेत ती मनाशी बोलणं जुळवत होती. असं म्हणेन, तसं म्हणेन. साहेब करंडा उघडेल, झाकण लावेल, थक्क होईल. गर्वानं माणसाची वाट लवकर सरते. चढ केव्हा संपला ते तिला कळलं नाही.

वाड्यावर आली तर हरिबा तोंड चुकवत होता. त्याच्या बोटांना तांबडं लागलेलं. तिनं विचारलं, "ह्ये काय?" तर म्हणाला, "मेंढ्यास्नी खुना केल्या." ती दमलेली होती. पटलं तिला, आणि तिथंच चुकलं.

ठरल्या दिवशी साहेब आले. बरोबर शिपाई, शिक्क्याचा हातोडा, आणि आनंदराव नावाचे कारकून, बगलेत नोंदवही, खांद्याला पिशवी. साहेब उंच, सावळे, उन्हानं रापलेले. बोलणं कमी, डोळे मात्र सगळीकडे. असा माणूस बरा असतो. जो फार बोलतो तो बघत नाही. भामाबाई पदरातला करंडा चाचपत त्यांच्या मागून माळ चढली, आणि वर पोचताच जागीच थबकली.

झाडागणिक एकेक दगड. दगडागणिक शेंदूर. काही ठिकाणी तेल अजून ओघळत होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. वाण्याकडच्या दोन पुड्या संपल्या तेव्हा हरिबानं गेरूवर भागवलं होतं, त्यामुळे वरच्या अंगाचे देव जरा मळकट दिसत होते.

साहेब चालत गेले. मोजत गेले. शेवटच्या दगडापाशी थांबले.

"आनंदराव, मागच्या पाहणीत इथं देवस्थान किती लिहिलेत?"

आनंदरावांनी वही चाळली. "एकही नाही, साहेब."

"आता चाळीस आहेत. एकोणतीस शेंदराचे आणि अकरा गेरूचे. हे अकरा धाकटे असावेत." शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण कंटाळा होता, आणि तो रागाहून वाईट. "दर डोंगरावर हेच. चला खाली, चावडीत बसून नोंद पुरी करू. शिपाई, पहिल्या झाडाला शिक्का मार."

हातोडा पडला. कडेच्या गेळ्याची साल फुटून आतलं लाकूड उघडं पडलं आणि त्यावर सरकारचा शिक्का उठला. भामाबाईच्या छातीवर पडल्यासारखा तो घाव तिला लागला. हरिबा तिच्या मागं उभा होता. तिनं एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं मुंडाशाचा शेव तोंडात धरला.

चावडीत साहेब मेजाशी बसले. अर्धी हिर्डोशी बाहेर जमलेली. ठेकेदाराचा माणूस पायरीवर विडी ओढत बसला होता, त्याला काही चिंताच नव्हती. भामाबाई आत गेली आणि मेजासमोर उभी राहिली.

"साहेब, त्ये देव न्हाईत."

"ठाऊक आहे, बाई."

"माझ्या घरधन्यानं मांडल्यात. म्या नगं म्हनलं हुतं, म्या भोरला गेली तवा मांडलं. त्यो भ्याला हुता. त्येची चूक, त्ये समदं काढून टाकंल. पर त्यापायी माझ्या लाकडाला खोटं म्हनू नका."

बाहेर कुजबुज झाली. नवऱ्याची चूक बाईनं भर चावडीत अशी पुढं करावी, हे कुणाला रुचलं नाही. साहेबांनी मात्र पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं.

"काय म्हणणं आहे तुझं?"

"त्यो माळ जळाऊ न्हाई." तिनं पदर सोडून करंडा मेजावर ठेवला. "ह्यो गेळा हाय. आमच्या माळाचा."

साहेबांनी करंडा उघडला, लावला, परत उघडला. कौतुक त्यांच्या तोंडावर दिसलं. पण त्यांनी तो हळूच तिच्याकडे सरकवला.

"काम सुरेख आहे. पण हे याच माळाचं कशावरून? गेळा काय, साऱ्या डोंगरात आहे. सकाळी चाळीस देव दाखवलेत, आता करंडा दाखवतेस. मी कशावर विश्वास ठेवायचा? पुरावा असेल तर बोल, नाही तर आनंदराव लिहितील."

भामाबाईनं एवढी जुळवून आणलेली भाषा वाया गेली. साहेबाचं काय चुकलं? खऱ्याला खोट्याचा टेकू लागला होता, आणि आता खरंही खोटं दिसत होतं. तिचेच शब्द तिच्या अंगावर आले. तिला रडू फुटलं असतं. पण तिनं आयुष्यात लोकांसमोर एकदाच डोळे पुसले होते, बाप गेला तेव्हा, आणि आज त्याच बापाचा नेम पणाला लागलेला.

आनंदरावांनी वही उघडली. पिशवीतून दौत काढली, टाक काढला, आणि नवं पान आखायला एक रूळ काढून मेजावर ठेवला. रूळ थोडा घरंगळला, परत मागं आला आणि थांबला. आनंदराव पुटपुटले, "हा एक हट्टी. सरळ ठेवावा तर आपल्या मर्जीनं वळतो."

भामाबाईची नजर त्या रुळावर गेली आणि तिथंच खिळली. शाईचे डाग पडलेला, हातानं काळवंडलेला, दोन्ही टोकांना बारीक कडी कातलेला.

"ह्यो रूळ हातात घिऊ का?"

आनंदरावांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. भामाबाईनं रूळ उचलला. तळहातावर तोलला. कानाशी धरून नखानं वाजवला. मग टोकाला, जिथं शाई पोचली नव्हती तिथं, बोट ओलं करून चोळलं आणि हुंगलं. आणि बघता बघता तिची मान ताठ झाली. हिर्डोशीच्या लोकांना ती खूण माहीत होती. बाहेरची कुजबुज थांबली.

"साहेब, ह्यो माझ्या माळाचा."

आनंदराव हसले. "अहो बाई, हा कचेरीतला रूळ आहे."

"आसंल. पर वाढला हितं, ह्या डोंगरावर. आमच्याकडं वारा एकाच अंगानं येतो. त्या अंगाचं लाकूड जड हुतं. ह्यो काय हट्टी न्हाई. ह्यो वाऱ्याचं अंग खाली घेतो." तिनं रुळावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला. "ह्ये त्ये अंग. हितं शाईची खूण करा, आन किती बी येळा सोडा. ही खूण मेजालाच टेकंल."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी स्वतः टाक घेतला, तिच्या अंगठ्याशी एक ठिपका दिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि रूळ मेजावर सोडला. तो घरंगळला, डुलला, थांबला. ठिपका खाली. परत सोडला. ठिपका खाली. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम ठिपका वर ठेवून सोडला. रूळ क्षणभर विचारात पडला आणि अर्धा वळसा घेऊन खाली बसला. मग साहेबांनी आपल्या पेटीतून स्वतःचा काळा, चकचकीत, विलायती रूळ काढला आणि तोही सोडून बघितला. तो वाटेल तिथं थांबला, एकदा तर मेजावरून खाली पडला. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"पण दुसऱ्या डोंगरावरही वारा असेलच की," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज परीक्षा घेणाऱ्याचा होता, टाळणाऱ्याचा नव्हता.

"आसंल. पर ह्यो रूळ कुंडलिक काताऱ्यानं केलाय, आन गेळा त्यो माझ्याबिगार कुनाकडनं घेत न्हाई. तीन वर्साखाली कचेरीला आठ रूळ दिल्यात त्येनं. इचारा. तुमच्याच वहीत आसंल."

साहेबांनी आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव खाकरले. "दिलेत, साहेब. भोरच्याच एका काताऱ्यानं. आठच होते."

साहेबांनी रूळ बाजूला ठेवला. मग शिपायाच्या हातातला शिक्क्याचा हातोडा त्यांनी मागून घेतला आणि दांडा तिच्यापुढं धरला. "आणि हा? हाही तुझ्याच माळाचा?"

आता हो म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? जमलेल्या लोकांना वाटलं, म्हण बाई, हो म्हण, मोकळी हो. हरिबानं तर दारातून मानही हलवली. भामाबाईनं दांडा हातात घेतला, एकदा चोळला आणि परत दिला.

"न्हाई. ह्यो धावडा. खालच्या रानातला आसंल. चांगला हाय, पर आमचा न्हाई."

साहेब हसले. सबंध दिवसात पहिल्यांदा. रूळ परत एकदा घरंगळवून त्यांनी हाताखाली धरला आणि विचारलं, "एका झाडाचं किती तोडतेस वर्षाला?"

"तीन फुटवं आसलं तर एक. दोन आसलं तर हात न्हाई लावायचा. बाचा नेम हाय. माळावर चला, बुडखं मोजा. नव्या बुडख्याला एक घाव, जुन्याला चार-पाच दिसतील. कुठल्याबी बुडख्यावर दोन उभं न्हाईत आसं दाखवा, म्या सोता कुऱ्हाड आनून दीन."

साहेब उठले. पायरीवरचा ठेकेदाराचा माणूसही विडी टाकून उठला, पण साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे परत माळ चढले. साहेबांनी शेंदराचे दगड ओलांडत एकामागून एक बुडखे बघितले, वाकून, हात लावून, तासभर. काटे लागून त्यांच्या बाहीला खोचा पडल्या. कुठल्याही बुडख्यावर दोनाहून कमी फुटवे नव्हते. ज्या फुटव्यांची तोड पुढच्या साली व्हायची होती, त्यांच्या वाऱ्याकडच्या अंगाला बारीक खाचा होत्या, आणि त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या, कोकणाकडे. साहेब त्या खाचांपाशी उभे राहिले. वारा त्यांच्या तोंडावर येत होता. 

खाली आल्यावर त्यांनी आनंदरावांना सांगितलं, "जळाऊ खोडा. त्याखाली नवं सदर आखा. कातीव कामाचं लाकूड. तोड पूर्वापार वहिवाटीप्रमाणे, एक घ्यावा, दोन राखावेत. कोळशाला मनाई." आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "तुम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

आनंदरावांनी रूळ पानावर धरला आणि रेघ ओढली. जळाऊ या शब्दावरून सरळ रेघ गेली, आणि ती ओढली गेली गेळ्यानं, त्याच माळावर वाढलेल्या गेळ्यानं. भामाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं आनंदरावांना ते सदर दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचे डोळे भरले, पण पदर काही तिनं वर नेला नाही. जायचं तिकडे जाऊ दे पाणी, म्हणाली असावी मनात.

साहेबांनी रूळ उचलून तिच्यापुढं धरला. "बाई, हा तू घेऊन जा. तुझ्याच माळाचा आहे. मी आनंदरावांना दुसरा देतो."

"नगं, साहेब," भामाबाई म्हणाली. "त्यो तितंच ऱ्हाऊ द्या. उद्या तुमच्या जागी दुसरा साहेब येईल, पुन्ना जळाऊ लिवाया बसंल. तवा त्येला रेघ ह्येच्यानंच वढाया लागंल."

साहेबांनी रूळ आनंदरावांच्या हाती परत दिला. आनंदरावांनी रूळ फडक्यानं पुसला आणि पिशवीत न टाकता दौतीशेजारी ठेवला. तो थोडा डुलला आणि वाऱ्याचं अंग खाली घेऊन बसला.

चढावर हरिबा तिच्या मागून दहा पावलं राखून चालत होता. वळणावर आल्यावर त्याला राहवलं नाही.

"एवढ्या लोकांत माझं नाव घ्यायलाच पायजे हुतं?"

"घ्यायलाच पायजे हुतं."

तो आणखी थोडा चालला. "आन आता दगूड?"

"धुवा. चाळीसच्या चाळीस. गेरूवालं आदी, त्ये लवकर निघतील."

हरिबा ओढ्यावरून घागर घेऊन आला आणि मुकाट्यानं धुवायला बसला. भामाबाई शिक्का मारलेल्या गेळ्यापाशी गेली. साल फुटून आतलं लाकूड उघडं पडलं होतं, पिवळसर पांढरं, आवळ. तिनं ओढ्यातली माती आणून त्या जखमेवर लिंपली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. मग नवऱ्याला वाकून सातवा दगड घासताना तिनं बघितलं, आणि दुसरी घागर भरून घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली.